बंदुकीवरचे रंग

परवापासून गल्लीत पुन्हा भोंग्याची रिक्षा फिरू लागली आहे. सकाळी सुरू होते, दुपारी जेवायला थांबते आणि दिवेलागणीपर्यंत त्याच एका माणसाला प्रचंड बहुमताने निवडून द्यायची विनंती करत राहते. शाळेत आम्हाला ऋतू सहा शिकवले होते. आमच्याकडे सातवाही आहे, तो निवडणुकीचा. त्याला पंचांग लागत नाही. रस्त्यावर घाईघाईने डांबर पडतं, भिंतीभिंतींवर माणसं हात जोडून उभी राहतात आणि जिकडेतिकडे आवाजच आवाज होतो. मी खिडक्या लावून घेते. घरातले म्हणतात, उकडतंय, उघड. मी उघडत नाही. राजकारणावर माझा काही राग नाही, तेवढा वेळ कुणाला आहे! पण भोंगा सुरू झाला की मला बाचा गळा आठवतो.

बा म्हणजे माझे वडील. आम्ही त्याला अरे-तुरेच करायचो. वसईजवळ भुईगावात आमची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी पानवेल, कडेने सोनचाफा आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमचं जुनं तळं. माझं सासर त्याच गावात, दोन वाड्या सोडून. लग्न होऊन मी लांब कुठे गेलेच नाही, त्यामुळे आईबापाचं भांडण माझ्या वाट्याला शेवटपर्यंत आलं. भाऊ कॅनडात. तो फोनवर थोडं ऐकायचा आणि नेमकी तेव्हाच त्याची रेंज जायची.

निवडणूक जाहीर झाली की बाला पोलीस ठाण्यातून निरोप यायचा, हत्यार जमा करा. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांना हे ठाऊक असतं. बा इस्त्रीचा सदरा घालायचा, बंदूक खोळीत भरायचा आणि जमा करून पावती घेऊन यायचा. पुढचे दिवस मग घरातलं माणूस दवाखान्यात ठेवल्यासारखे जायचे. दर दोन दिवसांनी मला विचारायचा, "निकाल कधी हाय गो?" कोण निवडून येणार याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, निकाल लागला की बंदूक परत मिळायची.

बंदूक दुनाळी, आजोबांच्या वेळची, विलायती. खरा उपयोग सांगायचा तर चिकू पिकले की वटवाघळं उडवण्यापुरता. पण मधल्या काळात, आमच्या भागातल्या जमिनींवर साऱ्या जगाचा डोळा पडला तेव्हा, काही माणसं गाडीतून आमची वाडी नुसती 'बघायला' आली होती. बा ओटीवर खुर्ची टाकून बसला, बंदूक मांडीवर. माणसं पाणी पिऊन निघून गेली आणि परत आली नाहीत. ही गोष्ट बाने जन्मभर सांगितली. तो सांगत असला की आय, म्हणजे माझी आई, आत भांडी घासता घासता पुटपुटायची, "बंदुकीनं वाडी राखली म्हणे. मग वाडीत खपलं कोण?" दोघंही खरंच सांगत होती.

त्या बंदुकीचं वैभव म्हणजे तिचे रंग. नळ्या जिथे लाकडी दस्त्याला मिळतात तिथे लोखंडाचा एक जाड ठोकळा असतो. चाप, घोडे, सगळं यंत्र त्याच्या पोटात. त्या ठोकळ्याच्या अंगावर रंग होते. लावलेले नव्हेत, लोखंडातूनच उमटलेले. निळा, जांभळा, मध्येच मधासारखा पिवळा, कडेला चहा सांडल्यासारखा तपकिरी, सगळे एकात एक मिसळलेले. लहानपणी आम्ही भावंडं त्यात चित्रं शोधायचो. भावाला मासा दिसायचा. मला एक बाई दिसायची, डोक्यावर हंडा घेतलेली. बा मऊ फडक्याला तेलाचा थेंब लावायचा आणि त्या रंगांवरून असा हात फिरवायचा की बघणाऱ्याने दुसरीकडे बघावं. आयच्या वाट्याला तसा हात कधी आला असेल असं मला वाटत नाही.

एका वर्षीची निवडणूक पावसाळ्याला लागून आली. बंदूक परत मिळाली तेव्हा ठोकळ्याच्या कडांना गंज धरला होता. कुणाचा दोष नाही. वसईच्या खाऱ्या हवेत दाराची कडीसुद्धा वर्षभर धड राहत नाही. बाने बघितलं, म्हणाला उद्या बसून तेल करीन, आणि आगाशीला कुणाच्या तरी मयताला निघून गेला. गावचा सण तोंडावर होता. आय अंगणात पितळ घासायला बसली होती. क्रुसापुढची समई, मेणबत्त्यांची घरं, आजीचा तांब्या. चिंच, राख आणि नारळाचा काथ्या. सणाआधी घरातली वस्तू न् वस्तू लखलखली पाहिजे हा तिचा धर्म. तेवढ्यात तिला ओटीवर बंदूक दिसली, गंजलेली, डागाडागांची. इतक्या वर्षांत तिने ती कधी हातात घेतली नव्हती, कारण कुणी घेऊ दिली नव्हती. चिंचेला काय, पितळ काय नि लोखंड काय.

संध्याकाळी बा परतला तेव्हा मी तिथेच होते. बंदूक मेजावर होती. ठोकळा पांढराफेक, जेवायच्या चमच्यासारखा. एक रंग म्हणून उरला नव्हता. आय दारात पदराला हात पुसत उभी होती, कौतुकाची वाट बघत.

"कोणी केलं हे?" बाने विचारलं.

"मीच. किती डाग होते त्याच्यावर! बघा आता कशी लख्ख झाली."

बाने ठोकळ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुझ्या आयला सांग, जेवण वाढ."

त्या दिवसापासून तो तिच्याशी थेट एक शब्द बोलला नाही. महिने गेले, वर्षं गेली. त्याला पाणी हवं असलं तर तो मला सांगायचा, मी नसले तर शेजारणीला, शेजारीण नसली तर मांजराला. "हिला सांग, पाणी." मांजर बसून राहायचं आणि आय पाणी आणून द्यायची. फादर येऊन समजावून गेले. बाने त्यांना आग्रहाने केळी दिली आणि त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मी तर किती वेळा भांडले. "लोखंडावरच्या डागांसाठी?" मी ओरडायचे. तो शांतपणे म्हणायचा, "डाग नव्हते ते." एवढंच.

आय मात्र बोलायची थांबली नाही. हे मला आजही नवल वाटतं, आणि तिचा रागही येतो. मी तिच्या जागी असते तर मीही तोंडाला कुलूप लावलं असतं. ती त्याच्यासमोर भाजी निवडत बसायची आणि सांगत राहायची. कुणाच्या घरी बाळ झालं, वांग्यांना काय कीड लागली, चर्चात मिस्सेला कोण आलं नव्हतं. मध्येच विचारायची, "जाऊ का मी मयताला, की तुम्ही जाता?" क्षणभर थांबायची आणि स्वतःच म्हणायची, "मीच जाते." लोक हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसले होते.

मग एका पावसाळ्यात बाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, या वयात कापाकापी झेपायची नाही. आधी आवाज जाईल, मग गिळणं. सगळे प्रश्न मी विचारले, औषधांचे, खाण्यापिण्याचे, किती दिवस याचे. आयने एकच विचारला. "आवाज कधी जाणार?" डॉक्टरांना तो प्रश्न विचित्र वाटला असावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, दोन-तीन महिने धरा.

घरी आल्यावर मी बाच्या खाटेशी बसले. म्हटलं, "बा, आता तरी बोल तिच्याशी. नंतर बोलायला जमायचं नाय." तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, "बंदुकीचे रंग परत आण. रंग आले की बोलेन." मला वाटलं टाळतोय. मी भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्यासमोर धरला. "ठेव हात." त्याने ठेवला. मला केवढा आनंद झाला होता! आमच्याकडे क्रुसावर हात ठेवून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. वाडीच्या बांधावरून कोर्टात गेलेली माणसंसुद्धा नाही.

शोधता शोधता काशीनाथ सापडला. वालीवला एका गाळ्यात त्याची भट्टी होती. कारखान्यांच्या पिना, दातेरी चाकं, साचे तापवून कडक करून द्यायचा हा रोजचा धंदा. बंदूक दुरुस्तीचा परवाना वडिलांपासून चालत आलेला. मिठागराकडच्या गावचा माणूस, तोंडाने फटकळ आणि बढाईखोर. रीतसर कागद करून बंदूक न्यायला घरी आला तेव्हा ठोकळा उलटापालटा करून बघत म्हणाला, "कोनी घासली ही? हात जोडले पाहिजेत त्याला."

आय दारातच होती. म्हणाली, "मी."

"बरं," काशीनाथ म्हणाला.

मग त्याने काम समजावलं. लोखंडी डब्यात ठोकळा ठेवायचा, भोवती हाडांचा आणि लाकडाचा कोळसा दाबून भरायचा, झाकण मातीने लिंपायचं, भट्टीत डबा लाल करायचा आणि मग सगळं एकदम गार पाण्यात ओतायचं. कोळशाचा अंश लोखंडाच्या कातडीत जातो, कातडी कडक होते, आतलं लोखंड मऊ राहतं. रंग उमटतात ते त्या पाण्यात. "ताय, विलायतचा गोरा येऊन बघंल असा रंग काढतो. पन हाडं घरची पाहिजेत. विकतच्या कोळशात माती असते. आनि नळाचं पानी चालायचं नाय, त्यात औषध असतं. साचलेलं गोडं पानी आना."

पाणी बावखलाचं होतं. हाडांचा विचार मी करत होते, तेवढ्यात बा खाटेवरून म्हणाला, "हाडं? मी हाय की!" आणि हसता हसता त्याला ठसका लागला. अंगावर तेव्हा खरंच हाडंच उरली होती. मला काही हसू आलं नाही. आय आतून म्हणाली, "तुमची नकोत. कडू निघतील." बाचं तोंड हसायला उघडलं होतं, ते त्याने भिंतीकडे फिरवलं.

मग दर रविवारी आमच्या घरची आणि आळीतल्या चार घरांची मटणाची हाडं आयकडे जमा होऊ लागली. शेजारणी पिशवीत बांधून आणून द्यायच्या, वर विचारायच्या, पुरतील ना? आय परसात चूल मांडून मोठ्या पातेल्यात ती उकळायची. वास असा सुटायचा की गावातली कुत्री कुंपणाबाहेर ओळीने बसायची. बा खिडकीतून बघायचा. मला म्हणायचा, "तिला सांग, चरबी ऱ्हाता कामा नये. चरबी ऱ्हाली की डाग पडतात." आय परसातूनच म्हणायची, "ऐकू येतं मला. चार पाण्यांत उकळली." मग तो, "विचार तिला, सुकवली का?" आणि ती, "दोन उन्हं दिली." मी मध्ये नुसती उभी. इतक्या वर्षांत दोघांमध्ये एवढी देवाणघेवाण झाली नव्हती. मला वाटलं, आता काय, उंबऱ्यापर्यंत तर आलंच आहे.

मी मूर्ख नव्हते, पण काशीनाथला ओळखत नव्हते. आधी गणपती आले. गाळा बंद. मग भट्टीची वीट फुटली. मग पितृपक्ष लागला. मी हाडांचं पोतं घेऊन गेले तर त्याने हात लावला नाही. "पितरांच्या दिवसांत हाडं जाळायची नायत, ताय. आमची मानसं येतात जेवायला. काय म्हनतील?" मग नवरात्र, मग दसऱ्याला हत्यारांची पूजा. भट्टीला हार, घणाला हळदकुंकू. मी त्याला दोष देत नाही. आमच्याकडेही शुभ शुक्रवारी कुणी खिळा ठोकत नाही. पण बाच्या गळ्यातली गाठ कुठलाच सण पाळत नव्हती.

दसरा उलटला आणि मी रिक्षात बावखलाच्या पाण्याचे कॅन भरून वालीवला गेले. ठोकळा घासून, गंजाचे खड्डे काढून तयार होता, हे काशीनाथने फोनवर सांगितलं होतं. गाळ्यात शिरले तर तो स्टुलावर हात बांधून बसलेला. लोखंडी कपाटाला कागद आणि लाखेचं सील.

"आचारसंहिता लागली, ताय."

निवडणूक जाहीर झाली होती. बाची बंदूक त्याच्याकडे जमा म्हणून नोंदली गेली होती आणि निकाल लागेपर्यंत सील तोडायचं नव्हतं. मी ओरडले. म्हटलं, अरे, बंदूक कुठे आहे ती? नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, एक लोखंडाचा ठोकळा, त्याने कोण कुणाला मारणार आहे? काशीनाथ म्हणाला, "कागदावर ती बंदूकच हाय. सील तोडलं तर माझा परवाना जातो. बापाचा परवाना हाय, ताय." मी त्याला बाच्या गळ्याचं सांगितलं. मग त्याने पाण्याचे कॅन उतरवून सावलीत नेऊन ठेवले. तेवढं त्याच्या हातात होतं.

तो ऋतू मला असा आठवतो. बाहेर दिवसभर भोंगे. एक रिक्षा गेली की दुसरी. आमच्या वळणावर रस्ता अरुंद, तिथे त्या अडकायच्या आणि दोन दोन उमेदवार एकमेकांवर ओरडत राहायचे. आत खाटेवर बाचा आवाज रोज थोडा कमी होत होता. आधी त्याची हाक गेली. पूर्वी बावखलाच्या पलीकडून मारलेली त्याची हाक रस्त्यावर ऐकू यायची. मग बोलणं खरखरीत झालं, मग कुजबुज उरली. तो काही सांगायला लागला की मी खिडकी लावायचे आणि त्याच्या तोंडाशी कान न्यायचे. बाहेर अख्ख्या वसईला स्वर्ग करून देण्याची आश्वासनं चालू असायची, आणि आत एका माणसाला "उशी वर कर" एवढं सांगायला तीनदा दम घ्यावा लागायचा.

मी रोज म्हणायचे, "बा, बोल तिच्याशी. बंदूक येतेच आहे. दोन दिवस आधी बोललास तर काय बिघडतं?" तो क्रुसाकडे बोट दाखवायचा. "हात ठेवलाय. रंग आल्यावर." मी त्याला बोलायला बांधून घेतलं होतं, आणि त्याने तोच शब्द न बोलायला वापरला. फादर कम्युनियनचा प्रसाद घेऊन आले तेव्हा त्यांनीही सांगितलं, असा शब्द मोडला तर पाप नाही, मी सांगतो. बाने डोळे मिटून घेतले. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी अंगणात जाऊन रडले. त्याचं मरण मला दिसत होतं, ते कुणाला चुकत नाही. पण हा हट्ट!

आय त्या दिवसांत खाटेपासून हलायची नाही. बोलणं चालूच. भोंगा फार वाढला की ती थांबायची, तो पुढे गेला की तुटलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायची. तिने त्याला एकदाही म्हटलं नाही की बोला. मी विचारलं, का नाही म्हणत? म्हणाली, "मागून घेतलेलं बोलणं काय करायचं?"

बाचा मला कळलेला शेवटचा शब्द "निकाल". पुढचं "कधी" नुसत्या ओठांवर होतं. त्यानंतर हवा. मी पाटी आणून दिली. तिच्यावर तो माझ्यासाठी लिहायचा, पाणी, कूस, फादर. आय जवळ आली की पाटी उशीखाली सरकवायचा. आय चौथी शिकलेली, प्रार्थनेचं पुस्तक वाचणारी. पण तो म्हणाला होता 'बोलेन', 'लिहीन' नव्हे. आमच्या घराण्याचा काटेकोरपणा असा नको तिथे आहे.

निकाल लागला. गुलाल उडाला, फटाक्यांनी बावखलावरचे बगळे उडाले. सील तुटलं त्या दिवशी मी वालीवला हजर होते. डबा भट्टीत लाल झाला होता. खाली लोखंडी टाकीत आमचं बावखलाचं पाणी, त्यात नळीने हवा सोडलेली, त्यामुळे पाणी सतत बुडबुडत होतं. पाण्यावर शेवाळाचा एक हिरवा धागा फिरत होता. काशीनाथने लांब सांडशीने डबा उचलला, पाण्याच्या अगदी अंगाशी नेला आणि एका झटक्यात पालथा केला. वारा लागायच्या आत लोखंड पाण्यात गेलं पाहिजे, नाहीतर रंग मरतात. पाणी किंचाळलं. जळक्या हाडांची वाफ अंगावर आली. मटण मी सोडलं ते तेव्हापासून.

टाकीच्या तळाच्या जाळीतून त्याने काळा ठोकळा वर काढला आणि फडक्याने पुसला. निळं दिसलं. मग जांभळं, मग कडेला पिवळं. मी त्याच्या हातातून घेऊन उजेडात नेला. इतकं सुंदर काही मी त्या वर्षात बघितलं नव्हतं. आणि मग मी हंडावाली बाई शोधायला लागले. ती नव्हती. मासाही नव्हता. सगळे रंग होते, पण दुसरीकडे गेलेले.

"पहिल्यासारखे नाहीत," मी म्हटलं.

"ते परत येत नायत, ताय. दर वेळी नवीन."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बंदूक दिली असती म्हाताऱ्यानं?"

असं लोखंड वरून कडक, आतून मऊ. आता इथे कुणीही म्हणेल की हिला आपल्या बापाबद्दल हेच सांगायचं आहे. नाही. बा आतूनही कडकच होता. तसं लोखंड बंदुकीला चालत नाही, बार उडाला की तडकतं. माणूस मात्र तसाच चालून जातो, तडे दुसऱ्यांना पडतात.

काल दुपारी भोंगा वाजत होता आणि आय माझ्या ओटीवर जुई ओवत बसली होती. आता ती माझ्याकडेच असते. परवाना बाबरोबर संपला. भाऊ म्हणाला, विकून टाका, पण आम्ही विकली नाही. बंदूक काशीनाथकडे जमा आहे. निवडणूक आली तरी आमच्याकडे आता निरोप येत नाही. आय सुई थांबवून रस्त्याकडे बघत म्हणाली, "किती बोलतात गो!" आणि पुन्हा ओवायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र उठून खिडकी लावली.

त्या वर्षी बंदूक घरी आली ती नाताळच्या थोडी आधी. रंग टिकावेत म्हणून काशीनाथने वर पातळ रोगण दिलं होतं, नळ्या आणि दस्ता बसवून सगळं जुळवलं होतं. स्वतः घेऊन आला. बा तेव्हा वाळून खाटेत दिसेनासा झाला होता. आम्ही त्याला उशांच्या आधाराने बसवलं आणि बंदूक मांडीवर ठेवली. त्याने ठोकळ्यावर बोट ठेवलं. निळ्यावरून जांभळ्यावर, तिथून कडेला. फार वेळ. तो काय शोधत होता मला माहीत होतं, आणि ते तिथे नव्हतं हेही. मला भीती वाटली की तो मान हलवेल, हे माझे रंग नव्हेत असं दाखवेल, आणि शब्दातून सुटेल.

त्याने मान हलवली नाही. बंदूक बाजूला सरकवली आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

मी हाक मारली. आय पेज गाळत होती. ती तशीच ओल्या हातांनी आली आणि खाटेच्या कडेवर बसली. बाने तिच्याकडे बघितलं. तांब्या-पेला, मांजर, मी, कुणीही मध्ये नव्हतं. त्याने दम घेतला. ओठ हलले. आतून हवा आली, सायकलच्या पंपातून येते तशी, आणि संपली. त्याने पुन्हा दम घेतला. गळ्याच्या शिरा वर आल्या, डोळे लाल झाले, ओठ पुन्हा तसेच हलले. मी कान पुढे केला. काही नव्हतं. काशीनाथ उठून अंगणात गेला. बा तिसऱ्यांदा दम घ्यायला लागला तेव्हा आयने आपला ओला तळवा त्याच्या छातीवर ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला सवय हाय."